काळ्या पानाचा प्रसाद

बिदरच्या नौबादमधल्या त्या घरात लिंगम्माला विचारल्याशिवाय आमटीत मीठसुद्धा पडत नसे. त्यामुळं नातीनं भर दुपारी ओट्यावर काळे कागद पसरलेले बघितले आणि तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काय जाळून ठिवलीस गं?"

"जाळलं न्हाई अव्वा, पानं हायेत. सुशी करायलेय," शिवलीला म्हणाली. आज्जीला अव्वा म्हणायची या घरातली रीत. पोरगी कडगंचीच्या विद्यापीठात शिकत होती. सुट्टीला येताना तिनं होस्टेलातल्या मैत्रिणीकडून त्या पानांचं पाकीट, बांबूच्या काड्यांची एक चटई आणि व्हिनेगरची बाटली आणली होती. "जपानातला पदार्थ हाय. आत भात, काकडी, गाजर, पनीर. सगळं आपल्याच फ्रीजमधलं."

"मग जपानातून काय आणलीस? नावच फकस्त?"

सुधारानी, म्हणजे लिंगम्माची सून, तोंडाला पदर लावून हसली. सासूचं लक्ष गेल्याबरोबर तिनं पुन्हा भाताला वारा घालायला सुरुवात केली. भात चिकट शिजवला होता, त्यात व्हिनेगर, साखर, मीठ कालवलं होतं. तो कोमट झाला, मग मायलेकींनी चटईवर पान अंथरलं, पानावर भात थापला, वर काकडी रचली आणि गुंडाळायला घेतलं. पहिली वळकटी मधोमध फुटली. दुसरीचं पान मिटलंच नाही, सैल फेट्यासारखं सुटून पडलं.

"आत्या, तुम्हीच बगा आता," सुधारानी म्हणाली.

"कामून? तुमच्या त्या मोबाईलमधल्या बाईला बोलवा की. ती दाखवायलीय न्हवं?"

पण तिच्यानं राहवेना. चमकुऱ्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या वळण्यात लिंगम्माचा हात धरणारं बिदरात कोणी नव्हतं, निदान तिच्या मते तरी. तिनं बोटं पाण्यात बुडवली, भात पातळ थापला, पलीकडची कडा बोटभर मोकळी सोडली. चटई उचलून पहिला वेढा घट्ट दाबला आणि एका दमात वळकटी केली. ओल्या सुरीनं चकत्या पाडल्या. पांढऱ्या भातात हिरवं, केशरी, आणि भोवती काळा काठ.

"अव्वा, पयल्याच झटक्याला!" पोरगी म्हणाली.

"वळायला काय अक्कल लागती? तुम्ही भाताचं गाठोडं बांधायला निघालाव."

ते पान कुठल्या झाडाचं, हे विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण विचारलं तर आपल्याला ठाऊक नाही हे कळणार, म्हणून विचारलं नाही. पान म्हणजे पान.

जेवणाला बसताना तिनं स्वतःच्या हातच्या चकत्या स्वतःच्या ताटात वाढून घेतल्या. मग रोजच्यासारखी गळ्यातली चांदीची डबी उघडली, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि ताटातलं अन्न लिंगाला दाखवलं. एकदा दाखवलं की ते अन्न राहत नाही, प्रसाद होतो. प्रसादाचं शीतही टाकायचं नाही. ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. परकरात असताना लिंगदीक्षा झाली तेव्हापासून लिंगम्माच्या ताटात कधी काही उरलं नव्हतं. तिला तापानं उठवत नव्हतं तेव्हाही नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही.

तिनं पहिली चकती तोंडात टाकली. भात आंबटगोड लागला, काकडी कुरकुरली. मग जिभेवर ते पान भिजलं आणि त्याचा वास सुटला.

लिंगम्माचा जबडा थांबला.

हा वास तिला माहीत होता. सासरच्या गावी, कमठाण्याला, नवी सून होती तेव्हा तळ्याच्या काठानं जाताना नाकाला पदर लावायची. तिथं मासे धरायची जाळी वाळत पडलेली असायची. तोच वास आता तिच्या तोंडात होता. थुंकावं तर प्रसाद. गिळावं तर काय गिळतोय?

तिनं गिळलं. ते गळ्यातून उतरलेलं तिला शेवटपर्यंत कळलं.

"शिवलीला," तिचा आवाज एवढा हळू निघाला की सुधारानीनं दचकून मान वर केली. "हे पान कुठं उगवतं?"

"समुद्रात, अव्वा. शेवाळ असतं, ते वाळवून..."

"समुद्रात."

तिनं समुद्र बघितला नव्हता. पण त्यात काय राहतं ते तिला ठाऊक होतं.

"पाकीट आण. काय लिवलंय वाच."

"हिरवा ठिपका हाय, बग. शाकाहारीच हाय." पोरगी पाकीट फिरवत होती. मागची बारीक अक्षरं वाचता वाचता तिनं पाकीट खाली घेतलं.

"वाच म्हणलं न्हवं?"

"अव्वा, ते सगळेच लिवतेत..."

"वाच."

"हे शेवाळ जिथं काढतात तिथं कोळंबी, खेकडे असतात. त्यांचा अंश..." पोरीनं पुन्हा पाकिटाकडं बघितलं. "असू शकतो, एवढंच लिवलंय. हायच असं न्हाई."

शिवलीलानं पाकीट पालथं घातलं.

लिंगम्मा ताटाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर हावगेप्पा आला. कमठाण्याचा. चोरून मटण खातो म्हणून त्याचं लिंग काढून घेतलं होतं. मेला तेव्हा त्याला रीतीप्रमाणं बसवून माती दिली, पण लिंग ठेवायचा तळहात रिकामाच राहिला. सगळं गाव ते बघत होतं. लिंगम्मानं स्वतःचा तळहात बघितला. आपल्यालाही असंच बसवतील? उघड्या हातानं?

सुधारानी पुढं सरकली. आजवर ती सासूच्या ताटाला विचारल्याशिवाय कधी शिवली नव्हती. "आत्या, तुमचा परसाद मलाबी द्या. निम्मं मी खाते. काय व्हायचं ते दोघींचं हुईल."

"हात मागं घे."

"पण आत्या, तुम्ही एकट्या..."

"हात मागं घे म्हणलं ना. माझं लिंग गेलं आन् तुझंबी गेलं तर ह्या घरात पूजेला कोण बसंल? ही?" तिनं नातीकडं मान हलवली. "हिला भात थापता येत न्हाई. तू ह्यातलं तोंडात घालायचं न्हाई. शिवायचं सुदीक न्हाई."

मग तिनं दुसरी चकती उचलली. ओठाशी नेताना भाताची शितं ताटात पडली. तीही तिनं वेचून खाल्ली. प्रत्येक घासाला तो वास वर यायचा, आणि ती ओठ घट्ट मिटून बसायची. उलटी झाली तर प्रसाद बाहेर पडेल, ही आणखी एक भीती. शिवलीला भिंतीला टेकून रडत होती. तिला गप्प बस म्हणायचीही लिंगम्माला सोय नव्हती. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

ताट रिकामं झालं. तिनं त्यात पाणी ओतलं, बोटानं कडा धुतल्या, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पिऊन टाकलं.

"आपल्या गुरूला, शिवय्या स्वामींना, फोन लाव."

"अव्वा, कशाला? आपण तिघीच हाव घरात. कोणाला कळणार हाय?"

"ह्याला कळलंय," लिंगम्मा म्हणाली आणि पदराखाली छातीवरची डबी मुठीत धरली. "लाव."

स्वामी रस्त्यावर होते, मागं गाड्यांचे भोंगे वाजत होते. लिंगम्मानं सगळं सांगितलं. पान, पाकीट, कोळंबी, खेकडे. आपल्याच हातानं वळलं, हेही.

"स्वामी?"

"ताटात काही ठेवलंस का?"

"न्हाई. पाणीबी पिले."

"संध्याकाळी येतो," शिवय्या म्हणाले. "पूजा मांडून ठेव." आणि फोन बंद झाला.

पूजा मांडायची ती तीर्थ देऊन शुद्ध करायला, की लिंग उतरवून घ्यायला? आवाजावरून काही कळलं नाही, आणि पुन्हा फोन लावून विचारायचं धाडस लिंगम्माला झालं नाही.

"जागा सारवल्यासारखी पुसून घे," ती सुनेला म्हणाली. "बेलाची पानं निवडून ठिव, फाटकं एकबी नको." सुधारानी उठली. लिंगम्मा मात्र रिकाम्या ताटासमोरच बसून राहिली, डाव्या हाताची मूठ आवळून, दार दिसेल अशी.