दोन ठोके आणि एक

त्या दिवशी सकाळी कुशाबा ट्रामवाल्याने खाकी कोट चढवला, टोपी डोक्यावर ठेवली, तरी सुंदराबाई जागची हलली नाही.

"दुपारी डबा आणशील ना?" त्याने विचारलं.

"आज मुंबई बंद आहे," ती म्हणाली. "माझी चूलपण बंद."

आता या डब्याचं सांगायला हवं. कुशाबाची ट्राम दादरहून निघायची, परळवरून बोरीबंदरला जायची, आणि वाटेत लालबागचा नाका लागायचा. नाक्यावरच यांची चाळ. दुपारच्या खेपेला नाका जवळ आला की कुशाबा पायाखालची घंटा दाबायचा. दोन ठोके, जरा थांबून एक. ते ऐकले की ही बाई डबा घेऊन जिन्यावरून धावत सुटायची, ट्राम हळू व्हायची, डबा वर जायचा. अकरा वर्षं हे चाललं होतं. चाळीतल्या बायका चिडवायच्या, की देवळातली देवीसुद्धा एवढी घंटा ऐकत नसेल. सुंदराबाई तोंडाने त्यांना शिव्या घालायची आणि मनातून फुगायची.

पण जानेवारीत गोळीबार झाला आणि जयवंता गेला. जयवंता हा कुशाबाचा धाकटा भाऊ. सुंदराबाई लग्न होऊन आली तेव्हा आठ वर्षांचा, नाकात शेंबूड. सासू नव्हतीच, म्हणून हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, गिरणीत लागला तेव्हा पहिल्या पाळीला हलवून हलवून उठवलं. एकोणिसाव्या वर्षी, याच नाक्यावर, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणायला तोंड उघडलं आणि पोटात गोळी शिरली.

कुशाबाने भावाला अग्नी दिला, तेरावं केलं आणि चौदाव्या दिवशी कामावर गेला. डोळ्याला पाणी नाही. घरात जयवंताचं नाव काढणं नाही. माणूस आहे की धोंडा, असं सुंदराबाईला सहा महिने वाटत होतं, आणि सहा महिने ती गिळून बसली होती.

आता पुन्हा बंद पुकारला होता. गिरण्यांचे भोंगे गप्प, दुकानांना फळ्या. ट्रामवाले सगळे घरी. त्यांच्यातलाच सीताराम, जो याच चाळीत राहायचा, गॅलरीत बसून पान चघळत होता. अख्ख्या डेपोतून गाडी बाहेर काढायला तयार झाला तो एकटा कुशाबा, आणि तो हिच्या कपाळी लिहिलेला. कुणाला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही मेल्याने.

अकराच्या सुमाराला तात्या वर आले. तात्या म्हणजे चाळ कमिटीतलं मोठं माणूस. दारातच उभे राहिले.

"सुंदराबाई, कुशाबाची ट्राम परळहून सुटलीय. पुढे ड्रायव्हरच्या फळीवर दोन हत्यारी पोलीस आहेत. पोरं दगड घेऊन गच्चीवर बसलीत. मी त्यांना काय सांगू?"

"दगड खाली ठेवायला सांगा," ती म्हणाली. "माझा नवरा आहे. मी बघते."

तिने भिंतीला टेकवलेला जेवणाचा पाट उचलला, जिना उतरली, दोन रुळांच्या मधोमध पाट मांडला आणि पदर खोचून त्यावर बसली. तिला बघून आणखी सहासात बायका येऊन मागे बसल्या.

ट्राम दिसली. आणि त्या माणसाने घंटा दाबली. दोन ठोके, जरा थांबून एक. सुंदराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजसुद्धा तीच घंटा वाजवायची याला छाती झाली कशी?

हातभर अंतरावर ट्राम थांबली. कंडक्टर मागच्या मागे उतरून पसार झाला. पुढच्या फळीवरून कुशाबा म्हणाला, "ऊठ."

"नाही उठत. घाला गाडी अंगावर. भावाच्या पोटातून गोळी गेली, बायकोवरून ट्राम जाऊ दे. घरात कोणी उरायलाच नको."

"सुंदरा, तोंड आवर."

"सहा महिने आवरलंच होतं. भाऊ गेला तरी तुमच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. त्याचं रक्त सांडलं त्याच जागेवरून आज ट्राम नेताय. लाज कुठे विकून आलात?"

सगळी चाळ गॅलरीत उभी होती. कुशाबाने ट्रामचं पितळी हँडल काढलं. ते काढलं की ट्राम जागची हलत नाही, म्हणून ड्रायव्हर ते हातचं सोडत नाही. ते घेऊन तो खाली उतरला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. बोलला तो हळूच, पण नाक्यावर इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या दिवशी मी कुठे होतो?"

"डेपोत."

"डेपोत. संपावर. एक गाडी बाहेर जाता कामा नये, असं सगळ्यात आधी मीच ओरडलो. हे हँडल हातात नाचवत होतो. आणि इथे जयवंता पडला होता. नाक्यावरून परळच्या इस्पितळात ट्रामला किती वेळ लागतो, सांग."

तिने परळच्या दिशेला पाहिलं.

"सात मिनिटं. त्याला हातगाडीवर घालून नेला. टॅक्सी नाही, बस नाही, ट्राम नाही. वाटेत पोलिसांनी दोनदा अडवला. पोचायला पाऊण तास. डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाला, जरा आधी आणायला हवा होता. मी गाडी बंद ठेवली म्हणून तो मेला. तेव्हाच ठरवलं, जग बुडालं तरी माझी ट्राम चालणार."

हा माणूस सहा महिने हे एकटाच चावत बसला होता, आणि शेजारी झोपून सुंदराबाईला पत्ता नव्हता. पण राग काही उतरेना. उलट आता त्याला नीट जागा सापडली.

"गोळी तुम्ही घातली?" ती म्हणाली. "हातगाडी तुम्ही अडवली? ज्यांनी घातली, ज्यांनी अडवली, त्यांना बघा कुठे बसवून आणलंत ते."

कुशाबाने मान वळवली. त्याच्याच ट्रामच्या फळीवर, त्याच्याच उभं राहायच्या जागेशेजारी, दोन बंदुका उभ्या होत्या. तो उठून उभा राहिला.

तेवढ्यात ट्रामच्या मागून आलेल्या पोलिसांच्या गाडीतून फौजदार उतरला, दुसरीतून शिपायांची पलटण. "नवराबायकोचं भांडण घरी करा. ड्रायव्हर, चढ वर. या बायकांना आम्ही उचलतो."

कुशाबा चढला. हँडल जागेवर बसवलं. सुंदराबाईने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही दोघं आधी खाली उतरा," तो पोलिसांना म्हणाला. मग फौजदाराकडे वळला. "गाडी इथून हलणार नाही."

"चालवायची नाही तर वर उभा कशाला राहिलास?"

"तुम्ही बंदुका घेऊन आलात म्हणून. आज कोणी पडला तर हातगाडी लागायला नको, ट्राम तयार पाहिजे."

फौजदाराचे कान लाल झाले. त्याने शिपायांना खूण केली. दोघांनी कुशाबाला दंडाला धरून खाली ओढलं आणि पोलिसांच्या गाडीकडे नेलं. उतरताना त्याने हँडल उपसून घेतलं होतं, ते जाता जाता सुंदराबाईच्या ओटीत टाकलं.

"ते इकडे दे," फौजदार तिला म्हणाला.

तिने पाट उचलला, हँडल खाली ठेवलं, वर पाट ठेवला आणि पुन्हा ऐसपैस बसली. "घ्या," ती म्हणाली. "बाईमाणसाला हात लावून घ्या. एवढी माणसं बघतायत."

फौजदाराने वर गॅलऱ्यांकडे पाहिलं, गच्चीकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू झाली. तिच्या जाळीतून कुशाबा दिसत होता, खाली मान घालून. तेव्हा सुंदराबाई उठली, ट्रामच्या फळीवर चढली आणि घंटेवर टाच मारली. दोन ठोके, जरा थांबून एक. जाळीतली मान वर झाली.

नाक्यावरची पोलिसांची पलटण संध्याकाळपर्यंत हलली नाही. तोवर ट्रामही हलली नाही. सीताराम पान थुंकून खाली आला आणि पाटाखालचं हँडल हातात घेऊन फळीवर उभा राहिला. ट्रामवर कोणी दगड मारला नाही. त्या दिवशी कोणी पडलंही नाही.

पोलीस गेल्यावर सुंदराबाई पाट घेऊन वर आली आणि तिने चूल पेटवली. भाकऱ्या थापल्या, कांदा फोडला, डबा भरला. चौकी लांब होती आणि ट्रामा बंद होत्या, म्हणून ती चालतच निघाली.