वहिनीला हवी समोरच्यांची सही

वहिनी परदेशातून शिकून आलेली. इथे हिशेब तपासून स्वतःच्या नावाने सही ठोकायची, तर परवाना लागतो. परवाना देणाऱ्या मंडळाने तिची पदवी उलटीपालटी करून पाहिली आणि इथले करकायदे शिकायला तिला पुन्हा वर्गात बसवलं. केस पिकायला लागलेली वहिनी पोरासोरांत बसली, परीक्षाही पास झाली. उरला वर्षभराचा अनुभव, तोही परवानाधारकाच्या हाताखालचा.

दादाकडे परवाना होता. वहिनी त्याच्याच ऑफिसात राबायची, मी तिथे फोन घ्यायची. दादाने तिला असं प्रमाणपत्र लिहून दिलं की उभ्या संसारात तिचं एवढं कौतुक झालं नव्हतं. मंडळाने ते परत पाठवलं. नातेवाइकाची देखरेख चालत नाही म्हणे.

"कोण कोणावर देखरेख करतं, ते कळलं असेल त्यांना," मी म्हटलं. दादा हसला नाही.

जिन्यापलीकडे दुसरं ऑफिस होतं. तिथल्या साहेबांना दादा 'टाचणी' म्हणायचा. बारीकसारीक चुकाही टोचत बसायचे म्हणून. वहिनीने नेमकी तिथेच नोकरी धरली.

"माझं नाक कापायला निघालीस?"

"नाक राहू दे तुमच्याकडे. मला सही हवीय."

इकडे दादाची दाणादाण उडाली. एक फाइल सापडेल तर शपथ. उठसूट मला पलीकडे पिटाळायचा, "हळूच विचारून ये गं." शेवटी टाचणीसाहेबच दारात उभे राहिले.

"बाईंचा वेळ तुमच्या कामात जाणार असेल, तर वर्ष भरलं असं मी लिहून देणार नाही. खोटी सही मी करत नाही."

दादाने तोंडाला कुलूप घातलं. घरी जेवतानासुद्धा फायलींचा प्रश्न ओठांवर यायचा आणि घासाबरोबर पोटात जायचा. वहिनी मात्र सांगायची, "आज माझा अहवाल पुन्हा परत केला त्यांनी."

"तुझा? त्या माणसाला अक्कल आहे का!"

वहिनी माझ्याकडे बघून गालात हसायची.

वर्ष भरलं, सही झाली, परवाना आला. दादा आभार मानायला पलीकडे गेला तो येईचना. मी डोकावले, तर दोघं खुर्च्या जवळ ओढून बसलेले.

"शेवटी शेवटी बाई माझेच कागद परत करायला लागल्या हो," टाचणीसाहेब सांगत होते.

"तुमचेसुद्धा?" दादाचा चेहरा असा खुलला, जसा काही सख्खा भाऊ भेटला. "उद्यापासून माझ्याकडे येतेय ती. वर आता परवाना. माझं काही खरं नाही, साहेब!"