मेंढरांमागं चालायचं तर

भिगवणच्या हायवेवरच्या एका हॉटेलात जोतीराम आचारी होता. त्याच्या हातच्या मरळ माशाच्या कालवणासाठी ट्रकवाले मुद्दाम गाडी थांबवत. पण कालवण चाखायचं म्हणजे त्याला वाटीभर लागायचं, आणि वाटीबरोबर भाकरीही यायची. होता होता अंग असं सुटलं की वाकून चपलेचा पट्टा लावतानाही धाप लागू लागली.

त्याचे वडील गेणबा मात्र वाळल्या बाभळीसारखे काटक. जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की धाकट्या मुलाचा, बिरूचा, कळप पश्चिमेला निघायचा. एका वर्षी म्हातारा म्हणाला, "जेजुरीपतूर चालायचं हाय, जोत्या. तू संगं ये."

जोतीराम हौसेनं निघाला, पण बारामती यायच्या आतच रस्त्याकडेला फतकल मारून बसला. गेणबांनी त्याला पाणी पाजलं, हात करून यष्टी थांबवली आणि आत बसवलं. "जा घरला. सून वाट बघत आसंल," एवढंच म्हणाले. म्हाताऱ्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटेभर वाटत राहिलं.

घरी येऊन त्यानं जेवणच सोडलं. दूध आणि केळी, बाकी काही नाही. आठवडा सरायच्या आत भट्टीसमोर त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि झारा तेलात पडला. त्याच संध्याकाळी घरी तो पातेलं पुसून जेवला आणि मान खाली घालून बसला.

त्याची बायको जयवंता शेजारी टेकली. "असं उपाशी किती दिस काढशिला? जलमभर निभंल तेवढंच धरा की."

"दिसभर चुलीम्होरं हाय मी. करू काय?"

"डबा देते. भूक लागली की बसून ह्योच खायाचा. हॉटेलातलं चाखायचं त्ये तळहातावर थेंबभर."

डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, कांदा असायचा. कोंबडीनं अंडं घातलं असलं तर तेही. सुरुवातीला त्याचा हात सारखा वाटीकडं जायचा. हॉटेलमालक मोहनराव वैतागले, "आचारीच घरनं डबा आणतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हनंल?" जोतीराम मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ बसून खाऊ लागला. महिन्याभरानं मोहनरावच तिथं येऊन त्याच्या उसळीत बोट बुडवू लागले. मग जयवंता एक भाकरी जास्त बांधायला लागली.

चहातली साखर हळूहळू उतरली. हॉटेलात जाताना तो टेंपोत बसायचा, ते सोडून चालत जाऊ लागला. गावच्या जत्रेत मात्र तो मटणावर आडवा हात मारून आला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसला. "सगळं पान्यात गेलं," म्हणाला.

"काल खाल्लं त्ये खाल्लं," जयवंता म्हणाली. "आज डबा हाय."

पुढच्या दिवाळीनंतर तो आपण होऊन वडिलांसमोर उभा राहिला. "आबा, जेजुरीला चलायचं?"

गेणबांनी त्याला खालवर न्याहाळलं आणि काठी उचलली.

बारामती मागं पडली. कुठं ऊस तोडलेली रानं, कुठं माळ, पुढं बिरूची मेंढरं. जोतीरामचे पाय दुखत होते, पण छाती शांत होती. मोरगावच्या अलीकडं गेणबाच एका लिंबाखाली थांबले. "जरा बसू रं," म्हणाले. एवढ्या वर्षांत असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. जोतीरामनं त्यांची घोंगडी गुपचूप आपल्या खांद्यावर घेतली आणि तिथून पुढं पाऊल आखडतं टाकू लागला. म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं, आणि तो काठी टेकत शेजारून चालत राहिला.

जेजुरीच्या पायऱ्या दोघं सावकाश चढले. संध्याकाळी वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, बिरूच्या बायकोनं दूध आणि बाजरीची भाकरी वाढली. नेहमीएवढं खाऊन जोतीराम ताटावरून उठणार, तोच गेणबांनी आपल्या पानातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं सरकवली.

"घे. आज चाललायस."

त्याला खरंच भूक होती. त्यानं ती दुधात कुस्करली आणि निवांत चवीनं खाल्ली.