करंगळीवरचा दोरा

छोट्या तेकाईच्या करंगळीवरून दोरा तिसऱ्यांदा निसटला, तेव्हा तेरेतियाने त्याला शाबासकी देऊन घरी पाठवलं आणि खिळ्यावरच्या डावीकडच्या दोरीत गाठ मारून एक कवडी ओवली.

बेटावरच्या इस्पितळात प्लास्टरची खोली तेरेतियाची. नीरफणसाच्या झाडांवरून पोरं पडायची आणि कोपराच्या वरचं हाड मोडून घ्यायची. म्हातारे सर्जन ब्वेरेती हाडात दोन्ही बाजूंनी एकेक तार घालत, फुलीसारखी. नवा डॉक्टर काउतू दोन्ही तारा बाहेरूनच घाली, कारण कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे शीर जाते आणि ती दुखावली तर करंगळीतला जोर जातो. दोघे एकमेकांच्या तारांना नावं ठेवत. तेरेतियाला कोणी विचारलं नव्हतं, पण कुतूहल तिला गप्प बसू देईना. तारा निघाल्या की ती पोरांना दोन्ही हातांच्या बोटांत दोरा अडकवून आकृती करायला लावी. हा खेळ इथे प्रत्येक पोराला येतो, आणि करंगळीत जोर नसेल तर तो जमत नाही. ब्वेरेतींची पोरं डाव्या दोरीवर, काउतूची उजव्या. प्रत्येक पोरामागे एक गाठ; दोरा सुटला की गाठीत कवडी. डावीवर पाच कवड्या झाल्या होत्या, उजवीवर एकही नाही.

आणि त्याच आठवड्यात तिची नात अकोइया झाडावरून पडली, तिचंही तेच हाड मोडलं. काउतू बोटीने दूरच्या बेटावर गेलेला. तेरेतियाने दोन्ही दोऱ्या काढल्या आणि ब्वेरेतींच्या टेबलावर ठेवल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कवड्या मोजल्या. मग म्हणाले, "आणि वाकडे हात गं? ते कुठं बांधलेस?"

 काउतूच्या दोन पोरांचे कोपर, बाहेरच्या तारांनी हाड घट्ट न धरल्यामुळे, वाकडे जुळलेले तेरेतियाने पाहिले होते. पण तिचा दोरा फक्त बोटं बघत होता, आणि तीही तेवढंच बघत राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण डॉक्टर, आतून तार घालायचीच झाली, तर शीर डोळ्यांनी बघून घाला. अंदाजाने नको."

शस्त्रक्रियेत त्यांनी अकोइयाच्या हाडात आधी बाहेरून दोन तारा घातल्या आणि हात फिरवून पाहिला. हाड हललं. मग आतल्या बाजूला बोटभर चिरून शीर बाजूला धरली आणि तिसरी तार घातली. बाहेर येऊन ते बाकावर तिच्या शेजारी बसले.

"तीस वर्षं अंदाजाने घालत आलो," ते म्हणाले. "आज बघितली. तुझ्या दोऱ्याएवढीच तर आहे."

चार आठवड्यांनी अकोइयाच्या तारा निघाल्या. करंगळी थरथरली, पण दोरा राहिला, आणि हातही सरळ होता. तेरेतियाचे डोळे भरून आले. ही गाठ डावीवर मारायची की उजवीवर, तिला कळेना; तिने तिसरी दोरी घेतली.

तारा काढून झाल्यावरही ब्वेरेती गेले नाहीत. त्यांनी डावीकडची दोरी मांडीवर घेतली आणि पहिल्या कवडीवर बोट ठेवलं.

"हा कोण?"

तिने नाव सांगितलं. बोट वर्षभराने सुधारलं, तेही सांगितलं. मग दुसरी, तिसरी, चौथी. चौथ्याचं बोट सुधारलं नव्हतं.

"आणि हा?"

"तेकाई. बाहेर बसलाय. दोरा राहतो का बघायला दर आठवड्याला येतो."

"बोलाव त्याला."

पोरगा आत आला. ब्वेरेतींनी स्टूल पुढे ओढलं, त्याच्या बोटांत दोरा अडकवला आणि करंगळीवरचा वेढा आपल्या बोटाने धरून ठेवला, आकृती पुरी होईपर्यंत.