बॉनेटआधी अंगठी

आमची फियाट बिघडली की हे आधी बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवायचे. मगच बॉनेट वर. लग्नात माझ्या वडिलांनी घातलेली अंगठी. मी ती अंगठ्यात अडकवून टॉर्च धरायचे.

ही सवय कागलच्या ज्ञानू मिस्त्रीमुळं लागली. बॅटरी काढताना प्लसवरचा पाना आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये त्याची अंगठी सापडली. क्षणात ती तापून लाल झाली. बोटाभोवती काळं कडं जन्मभर राहिलं.

"आधी मायनसची वायर सोडायची, लावताना ती शेवटी," हे दर वेळी बजावायचे.

"पाठ झालंय की!"

"मग करून दाखव."

एकदा जोतिबाच्या घाटात गाडी बंद पडली, तेव्हा गुलालानं माखलेल्या हातांनी मीच वायर सोडली. हे रस्त्यानं जाणाऱ्यांना थांबवून सांगत होते, "पावणं, बघा आमची मिस्तरीण!"

आता गाडी दारातच असते. यांचं विसरणं वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तरी घरातलं माणूस तेवढं ओळखतात, यावर मी दिवस काढत होते.

आज सकाळी बॉनेटचा आवाज आला. पळत गेले. हातात पाना, बोटात अंगठी, आणि पाना थेट प्लसवर चाललेला. मी मनगट धरलं.

"अहो, अंगठी!"

"हात सोडा की मावशी."

मला वाटलं, चेष्टा करतायत. तळहात पुढं केला. "द्या इकडं."

यांनी मूठ आवळली. "ही तुम्हाला द्यायची न्हाय. बायकोकडं द्यायची असती. ती आली की तिच्याच हातावर ठेवतो."

मी पुढं केलेला तळहात मागं घेतला. "मग ती येईपर्यंत पाना ठेवा खाली."

"व्हय, थांबतो की. तिला म्हाईत हाय सगळं."

हे पायरीवर जाऊन बसले. मी पाना उचलला, मायनसची वायर सोडली, तिला फडकं गुंडाळलं आणि बॉनेट लावलं. आता ती वायर पुन्हा जोडायची नाही.

हे फाटकाकडं बघत होते. अंगठी काढून मुठीत धरलेली.

"दिसली का हो कुठं?" यांनी मला विचारलं.

मी शेजारी बसले आणि फाटकाकडं बघू लागले.