सावित्रीबाईंच्या जबड्यातला सांगाडा

मी एक जुना सांगाडा आहे, मित्रांनो. पण माणसाचा नव्हे, दातांचा. शिरूर कासारच्या सावित्रीबाईंसाठी मला घडवलं. त्या ऊसतोडीला जात. पन्नाशीतच त्यांचे सगळे दात गेले होते आणि बोलताना त्या तोंडाला पदर लावत.

त्यांची लेक मंजुषा शाळेत शिकवते. तिनं आईला बीडच्या दवाखान्यात नेलं. वरच्या जबड्याला साधी कवळी बसवली. खालच्या हाडात डॉक्टरांनी चार इम्प्लांट, म्हणजे धातूचे बारीक खुंट, रोवले. त्यांच्यावर स्क्रूनं पक्की बसणारी दंतपंक्ती हवी होती. तिच्या आतला सांगाडा कशाचा करायचा, यावर बराच खल झाला. नुसतं प्लॅस्टिक हलकं, पण त्याला तडा जातो. टायटॅनियम हलकं आणि मजबूत, पण ते दूरच्या शहरातून यंत्रावर कोरून आणावं लागतं. झिर्कोनिया, म्हणजे एक कठीण चिनीमाती, दातासारखं पांढरं, पण फुटलं तर जोडता येत नाही. कोबाल्ट-क्रोमियम हा मिश्रधातू जरा जड, पण वाकत नाही. सांगाड्यावरचा एखादा दात निघाला तर बीडमध्येच बसवता येतो.

"आईला बाजरीची भाकरी खायचीय. न मोडणारं कोणतं?" मंजुषानं विचारलं.

अशी माझी, कोबाल्ट-क्रोमियमच्या सांगाड्याची, निवड झाली. धातू वितळवून, साच्यात ओतून मला बनवलं. बसवलं त्या दिवशी निघताना, दारात उभं राहून डॉक्टर म्हणाले की रोज बारीक ब्रशनं दातांच्या खालून साफ करा, दर सहा महिन्यांनी दाखवा. बसची वेळ झाली होती. दोघी मान हलवून निघाल्या.

पहिल्याच आठवड्यात सावित्रीबाईंनी भाकरीचा करपलेला काठ खाल्ला. पुतण्याच्या लग्नात त्या पदर न लावता हसल्या. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी फुगून गेलो होतो.

दिवाळीनंतर त्या नवऱ्याबरोबर, शहादेवबरोबर, तोडीला गेल्या. पहाटेच कोयता हातात. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पाणी कमी, ब्रश पिशवीत तसाच. माझ्याखाली घास अडकत राहिले, कुजत राहिले. चूळ भरताना रक्त यायचं, पण दुखत नव्हतं. त्या थुंकून उसाच्या फडात जात. मला सगळं कळत होतं, सांगता येत नव्हतं. दर हंगामात हेच झालं, तपासणीच्या तारखा चुकल्या. तिसऱ्या वर्षी पू आला, तेव्हा मंजुषा त्यांना पुन्हा बीडला घेऊन गेली.

डॉक्टरांनी स्क्रू काढून मला सोडवलं. माझ्यावर ओरखडाही नव्हता. पण दोन खुंट बोटानं हलत होते. त्यांच्याभोवतीचं हाड झिजून गेलं होतं.

"लोकंड हाय म्हणल्यावर त्याला काय व्हतंय, आसं वाटलं मला," सावित्रीबाई म्हणाल्या.

मंजुषा रडू लागली. न मोडणारं कोणतं एवढंच आपण विचारलं, असं ती म्हणत राहिली. डॉक्टर म्हणाले, धातूंवर मी अर्धा तास बोललो आणि स्वच्छतेचं मात्र दारात सांगितलं. चूक माझीही आहे.

ते दोन खुंट काढावे लागले, आणि उरलेल्या दोनांवर मला बसवता येईना. हाड भरलं तर पुढचं बघू, असं ठरलं. सावित्रीबाई आता भाकरी दुधात कुस्करून खातात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला असे दात बसवले असतील, तर ते कशाचे आहेत हे नंतर विचारा. आज खालून घासले का, हे आधी विचारा.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना सावित्रीबाईंनी मला डॉक्टरांकडून मागून घेतलं. "लेकीनं लई हौसंनं केलं व्हतं," म्हणाल्या. मग घरी येऊन त्यांनी मला ब्रशनं, खालच्या बाजूनंसुद्धा, हळूहळू घासून काढलं.