पुलावरच्या चाळीस पेट्या

(फॉर्म जुन्याच राजवटीचा. वरचा लाल तारा पेनाने खोडलेला.)

नाव, धंदा, देश: रोझालिया कोशीर. मधपाळ. स्लोव्हेनिया. परवापरवापर्यंत इथे युगोस्लाव्हिया लिहायचे.

अडथळ्यासाठी दिलेले वाहन: ट्रक एक. वर मधमाश्यांच्या चाळीस पेट्या.

कोणाच्या हुकमावरून? शाळेतले कवायतीचे मास्तर गोराझ्द. स्वातंत्र्य जाहीर झाल्यापासून ते आमचे सेनापती आहेत. म्हणाले, "रोझाकाकू, बेलग्राडचे रणगाडे निघालेत. पूल अडवायला गावात दुसरा ट्रक नाही." उन्हात पेट्या बंद ठेवल्या तर माश्या गुदमरतात, म्हणून मी दारं उघडली. माश्या पुलाजवळच्या लिंडनच्या झाडांवर, मोहरावर गेल्या.

शत्रू कधी आला? सकाळी दहाला. रणगाडे तीन. पहिल्यातून लेफ्टनंट ब्लागोये उतरला. विशी-बाविशीचा, घामाने निथळत.

शत्रूशी बोलणे झाले काय? (जागा पुरली नाही. मागे लिहिले आहे.)

"मावशी, इटालियन कुठंयत?"

"कुठले रे?"

"इटली घुसलीय म्हणून पाठवलंय आम्हाला."

"इथे मीच आहे. पाव खातोस?"

"आधी ट्रक हलवा."

"दिवसा? बाहेर गेलेल्या माश्या परत कुठे येतील? एकही जगायची नाही."

"मग चिरडून जावं लागेल."

मी म्हटलं, "चिरड. पण झाकण घट्ट लावून बस."

रणगाड्यातून कोणीतरी ओरडलं, "साहेब, झाकण नको! आत भट्टी झालीय!"

शत्रूने पुढे काय केले? वायरलेस लावला. तिकडून ठरलेले प्रश्न आले.

"समोर कोण?"

"स्थानिक."

"हत्यारबंद?"

"सगळे."

"संख्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पेटीत पन्नास हजार," मी म्हटलं.

"वीस लाख," तो वायरलेसवर म्हणाला.

आमचा अख्खा देशच वीस लाखांचा.

"सगळे पुलावर?"

"नाही साहेब. बरेचसे झाडांवर आहेत."

माघारीचा हुकूम आला.

अडथळा कधी हटवला? बाराला गोराझ्द मास्तर धावत आले. "काकू, जिंकलो! ट्रक काढा, आपले मंत्री येतायत." मी लेफ्टनंटला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. मंत्री पलीकडे सूर्य मावळेपर्यंत थांबले. पाव त्यांनाही दिला.

नुकसान: सतरा नंबरची पेटी. त्या गडबडीत तिच्यातलं मोहोळ राणीसकट उठलं आणि दुसऱ्या रणगाड्याच्या तोफेवर जाऊन बसलं. रस्ता अरुंद, त्यामुळे रणगाडे न वळता मागच्या मागेच गेले. तो दुसरा मात्र बाळंतिणीला न्यावं तसा, सावकाश.

मागणी: तो रणगाडा शरण आला तर रणगाडा तुम्ही ठेवा. राणी माझी आहे.